जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स

जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (जन्म : २ डिसेंबर १८२१, मृत्यू : १ मे १८९०) हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखक, वनभ्रमंतीकार आणि कवी होते. ‘नेसमुक’ या टोपणनावाने ते अधिक परिचित आहेत. जंगलात जाताना पाठीवरचे ओझे शक्य तितके कमी असावे, हा विचार त्यांनी लेखनातून आणि प्रत्यक्ष आचरणातून मांडला. त्यांचे ‘वुडक्राफ्ट’ (१८८४) हे छोटेखानी पुस्तक पाठपिशवी घेऊन रानावनात हिंडणाऱ्यांचे आद्य मार्गदर्शक मानले जाते. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतप्रदेशात त्यांनी अत्यंत हलक्या होड्यांतून एकट्याने केलेल्या सफरी विशेष गाजल्या. पेशाने ते जोडे शिवणारे कारागीर होते. शरीराने किरकोळ, प्रकृतीने आजारी आणि परिस्थितीने गरीब असलेल्या या माणसाने हलक्या ओझ्याचा पुरस्कार केला तो हौस म्हणून नव्हे, तर गरज म्हणून. त्यांच्या कार्याचे महत्त्व समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

जन्म आणि बालपण

सिअर्स यांचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, आजच्या वेबस्टर गावाच्या परिसरात झाला. दहा भावंडांमध्ये ते थोरले होते. गावाजवळच विस्तीर्ण सरोवर होते आणि त्याच्या आसपास निपमक या मूळ अमेरिकन जमातीची वस्ती होती. या वस्तीतील नेसमुक नावाच्या एका तरुणाचा लहानग्या जॉर्जला लळा लागला. रानातील पायवाटा ओळखणे, मासे पकडणे, शिकार करणे आणि उघड्यावर रात्र काढणे यांचे पहिले धडे त्यांना या सहवासातच मिळाले. नेसमुक या शब्दाचा अर्थ रानबदकातील नर असा सांगितला जातो. पुढे लेखनासाठी टोपणनाव निवडताना सिअर्स यांनी बालपणीच्या या मित्राचेच नाव घेतले आणि आयुष्यभर ते मिरवले.

त्या काळी वेबस्टर परिसर कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होता. अमेरिकेत यंत्रावरील सूतकताईचा पाया घालणाऱ्या सॅम्युएल स्लेटर यांच्या गिरण्या येथे होत्या. या गिरण्यांत संपूर्ण कुटुंबांना, म्हणजेच त्यांतील लहान मुलांनाही कामावर घेण्याची पद्धत होती. जॉर्ज यांनाही लहान वयातच सूतगिरणीत काम करावे लागले. बंदिस्त जागेतील हे काम त्यांना मुळीच मानवले नाही. गिरणीतील घंटेच्या तालावर चालणारे जीवन आणि सरोवराकाठचे मोकळे रान यांतील विरोध त्यांच्या मनावर कायमचा ठसला. श्रमाने पिचलेल्या माणसाला मोकळ्या हवेची गरज असते, हा त्यांच्या लेखनातील वारंवार येणारा विचार याच अनुभवातून आलेला दिसतो.

सागरसफर आणि व्यवसाय

किशोरवयात सिअर्स यांनी केप कॉड किनाऱ्यावरील मासेमारी जहाजांवर काम केले. १८४१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून रुजू झाले आणि तीन वर्षांच्या दक्षिण पॅसिफिक सफरीवर गेले. पुढे विख्यात कादंबरीकार झालेले हर्मन मेल्व्हिल हेही त्याच वर्षी त्याच बंदरातून अशाच जहाजावर निघाले होते. खलाशाला आपले सगळे सामान एका पेटीत किंवा पिशवीत बसवावे लागते. कोणती वस्तू खरोखर लागते आणि कोणती केवळ जागा अडवते, याची पारख त्या जीवनात आपोआप होते.

समुद्रावरून परतल्यानंतर सिअर्स यांनी वडिलांचाच जोडे शिवण्याचा व्यवसाय पत्करला. १८४८ च्या सुमारास त्यांचे कुटुंब पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर भागातील टायोगा परगण्यात, वेल्सबरो या गावी स्थायिक झाले. पुढील सुमारे चार दशके हेच त्यांचे घर होते. या काळात त्यांनी विवाह केला, संसार उभा केला आणि अडीअडचणीत तो कसाबसा चालवला. जोड्यांच्या कामातून फारशी प्राप्ती होत नसे. त्यातही पाय घराबाहेर ओढ घेणारे. त्यामुळे आर्थिक स्थैर्य त्यांना कधीच लाभले नाही.

तरुण वयात त्यांनी मिशिगनच्या तेव्हाच्या घनदाट अरण्यातून दहा दिवसांचा एकट्याने प्रवास केला. सॅगिनॉ उपसागराच्या बाजूने निघून मस्कीगन नदीच्या खोऱ्यापर्यंतचा हा प्रवास त्यांनी बंदूक आणि पाठपिशवी यांच्या भरवशावर पार पाडला. कित्येक वर्षांनी ‘वुडक्राफ्ट’ लिहिताना त्यांनी या प्रवासासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातही ते जाऊन आले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेव्हा चाळिशीला टेकलेले सिअर्स उत्तरेच्या बाजूने पेनसिल्व्हेनियाच्या ‘बकटेल्स’ या पलटणीत दाखल झाले. जंगलभागातील नेमबाजांची ही पलटण टोपीला हरणाचे शेपूट लावत असे आणि त्यावरूनच तिला हे नाव पडले होते. शारीरिक कारणांमुळे त्यांना थोड्याच काळात सेवेतून मुक्त करण्यात आले. या पलटणीची आठवण म्हणून त्यांनी पुढे आपल्या एका होडीला तेच नाव दिले.

लेखनास प्रारंभ

सिअर्स यांचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नव्हते, परंतु वाचनाची गोडी मोठी होती. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या साहित्याचा त्यांच्यावर विशेष प्रभाव होता. कविता आणि लेख ते सुरुवातीपासून लिहीत असत. मात्र त्यांना खरी ओळख मिळाली ती ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकामुळे. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेले हे साप्ताहिक शिकार, मासेमारी, नौकानयन आणि निसर्ग या विषयांना वाहिलेले होते. त्यात ‘नेसमुक’ या नावाने येणारी त्यांची प्रवासपत्रे वाचकांना फार आवडू लागली.

या पत्रांच्या लोकप्रियतेचे कारण त्या काळच्या परिस्थितीत आहे. १८६९ मध्ये विल्यम मरे या धर्मोपदेशकाने अ‍ॅडिरॉन्डॅकच्या अरण्यावर एक पुस्तक लिहिले. ते इतके वाचले गेले की शहरी प्रवाशांची तिकडे रीघ लागली. सरोवरांच्या काठी मोठमोठी हॉटेले उभी राहिली. सामान वाहायला, होडी वल्हवायला, स्वयंपाक करायला आणि वाट दाखवायला रोजंदारीवर वाटाडे मिळू लागले. एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जाताना मधल्या जमिनीवरून होडी खांद्यावर वाहून न्यावी लागे. हे काम धट्टेकट्टे वाटाडेच करू शकत. परिणामी अरण्यातील सुटी ही सधन माणसाचीच चैन ठरली. कारकून, कारागीर, गिरणीकामगार किंवा शाळामास्तर यांच्या आवाक्यात ती नव्हती.

सिअर्स यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. वाटाड्याचा खर्च परवडत नसेल, तर सगळे ओझे प्रवाशाने स्वतः उचलले पाहिजे. आणि तो दुबळा असेल, तर ओझेच हलके झाले पाहिजे. त्यांची पुढची सगळी खटपट या साध्या हिशोबावर उभी आहे.

पाठपिशवी आणि हलक्या ओझ्याचा विचार

सिअर्स यांच्या मते जंगलात पहिल्यांदा जाणारा माणूस नेहमी एकच चूक करतो. ज्याची गरज पडेल असे त्याला वाटते, ते सारे तो बरोबर घेतो. जाड पांघरुणे, भारी बंदूक, मोठी कुऱ्हाड, लोखंडी भांडी यांनी त्याची पाठ वाकते आणि दुसऱ्या दिवशीच सुटीचे ओझे होते. यावर त्यांचा उपाय होता तो म्हणजे प्रत्येक वस्तूचे वजन करणे. त्यांच्या लेखनात औंसांचे आकडे जागोजागी येतात ते यामुळेच.

त्यांची पाठपिशवी रिकामी असताना केवळ १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम भरत असे. तिच्यात पांघरुणाची पिशवी, निवाऱ्याचे कापड, छोटी कुऱ्हाड, एकात एक बसणारी पत्र्याची भांडी, मासेमारीचे साहित्य, जादा कपडे आणि दोन दिवसांचा शिधा मावत असे. उन्हाळी भटकंतीत होडी, कपडे, पांघरूण, शिधा, कुऱ्हाड, गळाची काठी आणि पिशवी असे सगळे मिळून त्यांचे ओझे २६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे १२ किलोंच्या वर जात नसे. यात होडीचाही समावेश आहे, हे येथे विशेष नमूद करण्यासारखे आहे. एवढ्या सामानावर कोणत्याही रात्री रानात मुक्काम करण्याची त्यांची तयारी असे.

पिशवीतील प्रत्येक साधन त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. त्यांची खिशात मावणारी कुऱ्हाड दुधारी होती. तिची एक धार पातळ आणि दुसरी थोडी बोथट असल्यामुळे एकाच हत्याराने दोन्ही प्रकारची कामे होत. त्यांच्या कमरेच्या सुरीचे पाते पातळ व रुंद होते. या आकाराच्या सुरीला आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या साऱ्यांत सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे त्यांची किरकोळ सामानाची बारकी कातडी थैली. तिचे सामानासह वजन अवघे अडीच औंस होते. गळ, दोऱ्या, रफूच्या आणि साध्या सुया, बटणे, रेशीम, दोरा, जखमेवर लावायचा मलम, गळांना धार लावायची बारीक कानस, मधमाशीचे मेण आणि जोडे शिवणाऱ्याचे मेण एवढ्या वस्तू तिच्यात असत. ही थैली ते जवळजवळ सदैव अंगावर बाळगत. पिशवीचा पट्टा उसवला, जोडा फाटला किंवा दोर सुटला, तर कारागिराचे हात आणि मेणाचा गोळा यांवर काम भागत असे. पोटापाण्याचा व्यवसाय आणि आवडीचा छंद हे त्यांच्या त्या थैलीत असे एकत्र नांदत होते.

कापड जलरोधक करण्याची रीत

पावसाळी प्रदेशात हिंडणाऱ्याचे सामान कोरडे राहणे हा जिवाशी संबंधित प्रश्न असतो. ओले पांघरूण ऊब देत नाही आणि ओला शिधा टिकत नाही. सुती कापडाची वीण कितीही घट्ट असली, तरी धाग्यांमधील बारीक फटींतून पाणी आत झिरपते. ते रोखण्याचे काही मार्ग त्या काळी प्रचलित होते.

पहिला मार्ग नाविकांचा होता. शिडाच्या जाड कापडाला जवसाचे तेल किंवा मेण चोळले, की ते धाग्यांत आणि फटींत भरते व पाणी वरच्या वर ओघळते. आपण ज्याला मेणकापड म्हणतो, त्याचाच हा प्रकार होय. मेण झिजले की ते पुन्हा चोळता येते, त्यामुळे अशी पिशवी वर्षानुवर्षे वापरता येते. मात्र तेला-मेणाने कापडाचे वजन वाढते, थंडीत ते ताठरते आणि उन्हात चिकटते. दुसरा मार्ग रबराचा लेप दिलेल्या कापडाचा होता. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये त्याचे एकस्व घेतले होते. असे कापड पाणी पूर्णपणे अडवते, परंतु ते हवाही अडवते. त्यामुळे आतून घामाची ओल धरते.

सिअर्स यांनी आपल्या निवाऱ्याच्या कापडासाठी तिसरी, स्वस्त आणि हलकी रीत सांगितली. १० क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर पाण्यात १० औंस चुना आणि ४ औंस तुरटी घालून ते मिश्रण निवळेपर्यंत ठेवायचे. कापडाची नीट घडी दुसऱ्या भांड्यात ठेवून त्यावर हे निवळलेले पाणी ओतायचे आणि १२ तास भिजू द्यायचे. नंतर पावसाच्या कोमट पाण्यात खळबळून, ताणून उन्हात वाळवायचे. चुना आणि तुरटी यांच्या संयोगाने न विरघळणारे सूक्ष्म कण धाग्यांवर बसतात. त्यामुळे पाणी कापडात मुरण्याऐवजी घरंगळते आणि कापडाचे वजनही फारसे वाढत नाही. हे कापड रबरासारखे पूर्ण जलरोधक होत नाही. पण ते उतरते ताणून बांधले, तर पावसाची रात्र कोरड्यात काढण्यास पुरेसे ठरते. या कृतीत कोणत्याही किराणा दुकानात न मिळणारे असे काहीच नव्हते. हातावर पोट असलेल्या वाचकालाही घरच्या घरी करता येईल अशीच कृती सांगायची, हा सिअर्स यांच्या लेखनाचा कटाक्ष होता.

होड्या आणि अ‍ॅडिरॉन्डॅकमधील सफरी

पन्नाशी उलटल्यावर सिअर्स यांची प्रकृती खालावली. दम्याने आणि छातीच्या विकाराने त्यांना ग्रासले. त्यांना क्षय असल्याचेही सांगितले जाते. त्यांची उंची सुमारे ५ फूट ३ इंच आणि वजन जेमतेम ५० किलो होते. अशा स्थितीत मोकळी हवा हेच औषध मानून त्यांनी अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये जाण्याचे ठरवले. तिथल्या वाटाड्यांच्या होड्या उचलणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील कँटन येथील निष्णात होडीबांधणीकार जे. हेन्री रश्टन यांच्याकडे एका माणसापुरती, अतिशय हलकी होडी करून देण्याची मागणी केली.

रश्टन यांनी १८८० मध्ये तयार केलेली पहिली होडी १० फूट लांब होती आणि तिचे वजन १८ पौंडांहूनही किंचित कमी होते. सिअर्स त्या उन्हाळ्यात तिच्यातून सफरीवर गेले. पुढच्या वर्षीच्या होडीचे वजन १६ पौंड होते. तिचे ‘सुसान निपर’ हे नाव डिकन्स यांच्या कादंबरीतील पात्रावरून ठेवले होते. एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. १८८३ मध्ये रश्टन यांनी त्यांच्यासाठी ‘सेरी गॅम्प’ ही होडी बांधली. सीडर वृक्षाच्या पातळ फळ्यांची ही होडी ९ फूट लांब आणि २६ इंच रुंद होती. तिचे वजन होते अवघे साडेदहा पौंड, म्हणजे सुमारे पावणेपाच किलो. सेरी गॅम्प हीसुद्धा डिकन्स यांच्याच कादंबरीतील एक पात्र. ही मद्यप्रेमी परिचारिका पाण्याला स्पर्श करत नाही. होडीनेही पाणी आत घेऊ नये, असा विनोद या नावामागे होता.

त्या उन्हाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सिअर्स यांनी ‘सेरी गॅम्प’मधून अ‍ॅडिरॉन्डॅकच्या अंतर्भागात एकट्याने २६६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटरांचा प्रवास केला. फुल्टन सरोवरमालिकेपासून उत्तरेकडील पॉल स्मिथ यांच्या हॉटेलापर्यंत जाऊन ते परत आले. होडीच्या तळाशी बसून ते दुतोंडी वल्हे मारत. जमिनीवरील टप्प्यांत होडी एका हाताने उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर घेत. वाटेत थकवा, पाऊस आणि आजारपण यांनी त्यांची परीक्षा पाहिली. तरीही वाटाड्याशिवाय आणि फारशा पैशाशिवाय दुबळा माणूसही अरण्यात सुखरूप हिंडू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले. या सफरींची वर्णने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हलक्या होड्यांना मागणी वाढली. रश्टन यांनी ‘नेसमुक’ या नावाने तशा होड्या विकण्यास सुरुवात केली.

वुडक्राफ्ट

१८८४ मध्ये ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’च्या प्रकाशन संस्थेने ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. सामानाची निवड, वाट चुकल्यास काय करावे, निवारा, शेकोटी, मासेमारी, रानातील स्वयंपाक आणि हलकी होडी असे त्यातील विषय आहेत. डास आणि माश्या यांना दूर ठेवण्यासाठी ३ औंस पाइन वृक्षाचे डांबर, २ औंस एरंडेल आणि १ औंस पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतीचे तेल मंद आचेवर एकत्र करून अंगाला लावावे, अशी कृतीही त्यात दिली आहे. असे बारीकसारीक तपशील पुस्तकात विपुल आहेत.

पुस्तकाची भाषा खेळकर, थेट आणि अनुभवाची आहे. लेखक वाचकाला उपदेश करत नाही, तर शेकोटीपाशी बसून गप्पा माराव्यात तसा बोलतो. जंगलात जायचे ते कष्ट उपसायला नव्हे, शहरात रोजच सोसाव्या लागणाऱ्या कष्टांतून थोडी मोकळीक मिळवायला, असे या पुस्तकाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. कामाच्या रगाड्यातून वर्षाकाठी जेमतेम एक-दोन आठवड्यांची सुटी मिळणारा आणि खिशात मोजकेच पैसे असणारा वाचक लेखकाच्या डोळ्यांपुढे होता. गिरणीत राबलेल्या मुलाने मोठेपणी आपल्याच वर्गातील माणसांसाठी लिहिलेले हे पुस्तक होय.

जंगल आणि नद्या यांविषयीची भूमिका

सिअर्स यांचे लेखन केवळ साधनांपुरते मर्यादित नव्हते. अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये बांधलेल्या धरणांमुळे सरोवरांच्या काठची झाडे पाण्यात बुडून मेलेली त्यांनी पाहिली होती. वठलेल्या झाडांच्या या रांगांविषयी त्यांनी आपल्या पत्रांतून तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यांच्या स्वतःच्या परगण्यातही परिस्थिती वेगळी नव्हती. उत्तर पेनसिल्व्हेनियातील पाइन आणि हेमलॉक वृक्षांची जंगले त्यांच्या डोळ्यांदेखत साफ होत होती. हेमलॉकची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जाई. साल सोलून घेतल्यावर खोडे पुष्कळदा तशीच पडून राहत. कातडी कमावण्याच्या कारखान्यांची घाण ओढ्यांत सोडली जाई आणि त्यामुळे मासे नाहीसे होत.

या प्रकाराविरुद्ध सिअर्स यांनी स्पष्टपणे लिहिले. चामड्याचे जोडे शिवून पोट भरणाऱ्या कारागिराने चामड्याच्या कारखान्यांविरुद्ध लिहावे, यातील विसंगती लक्षात येण्याजोगी आहे. ज्या ओढ्यांच्या काठी त्यांनी वेल्सबरोत आल्यापासून मुक्काम केले, तेच ओढे आता मरत होते आणि त्याचे एक कारण त्यांच्या व्यवसायाशी जोडलेले होते.

१८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अ‍ॅडिरॉन्डॅक वनराखीव क्षेत्र निर्माण केले. १८९४ मध्ये ते कायम वन्य स्थितीतच राखण्याची तरतूद राज्याच्या घटनेत झाली. हे यश अनेकांच्या दीर्घ प्रयत्नांचे होते आणि पाणीपुरवठ्याची चिंता हेही त्यामागील एक प्रमुख कारण होते. मात्र अरण्याविषयी सर्वसामान्य वाचकाच्या मनात आस्था निर्माण करणाऱ्या लेखकांत सिअर्स यांची गणना केली जाते.

अखेरची वर्षे

१८८५ च्या सुमारास सिअर्स यांनी थंडीचा काळ घालवण्यासाठी फ्लोरिडाची वाट धरली. या वेळी रश्टन यांनी त्यांच्यासाठी ‘सेरी गॅम्प’पेक्षाही हलकी, १० पौंडांच्या आतली होडी बनवली होती. उष्ण हवेने त्यांच्या प्रकृतीला अपेक्षित उतार पडला नाही. १८८७ मध्ये त्यांचा ‘फॉरेस्ट रून्स’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. कवी म्हणून आपली ओळख व्हावी अशी त्यांची इच्छा होती, परंतु वाचकांच्या स्मरणात राहिले ते त्यांचे गद्यच. यानंतर त्यांची शक्ती झपाट्याने कमी होत गेली. १ मे १८९० रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वेल्सबरो येथे त्यांचे निधन झाले. त्याच गावी त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा आणि मूल्यमापन

सिअर्स यांच्या निधनानंतरही ‘वुडक्राफ्ट’च्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि आजही ते पुस्तक उपलब्ध आहे. अमेरिकेतील वनभ्रमंतीचे दुसरे मोठे लेखक होरेस केफार्ट यांनी १९०६ मधील आपला ग्रंथ नेसमुक यांच्या स्मृतीस अर्पण केला. अ‍ॅडिरॉन्डॅकमधील पत्रांचे संकलन डॅन ब्रेनन यांच्या संपादनाखाली १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ‘सेरी गॅम्प’ ही होडी स्मिथसोनियन संस्थेच्या मालकीची असून अ‍ॅडिरॉन्डॅकमधील ब्लू माउंटन लेक येथील संग्रहालयात ती प्रदर्शित करण्यात आली आहे. वेल्सबरोजवळील एका डोंगराला आणि एका तलावाला नेसमुक यांचे नाव देण्यात आले आहे.

सिअर्स यांच्या काही सूचना आज स्वीकारार्ह ठरत नाहीत. शेकोटीसाठी उभी झाडे तोडणे, निजण्यासाठी हेमलॉकच्या कोवळ्या फांद्या अंथरणे, निवाऱ्यासाठी झाडांची साल काढणे हे त्यांच्या काळी सर्वमान्य होते. एखाद-दुसरा मुक्कामकरी असलेल्या रानाला ते सोसतही असे. आता त्याच रानात हजारो लोक येतात, तेव्हा हे सारे वर्ज्य मानले जाते. अधिकाधिक सामान्य माणसांनी अरण्यात यावे असे त्यांना वाटे आणि अरण्य अबाधितही राहावे असे वाटे. या दोन इच्छांमध्ये असलेला ताण त्यांच्या हयातीत पुरता प्रकट झाला नव्हता. तो पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला.

पाठपिशवीच्या इतिहासातही हा काळ महत्त्वाचा होता. मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे कॅमिल पॉयरिअर यांनी १८८२ मध्ये कॅनव्हासच्या पाठपिशवीचे एकस्व घेतले. कातडी पट्टे असलेली ती दणकट पिशवी ‘डुलुथ पॅक’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे मेणाचा हात दिलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या दीर्घकाळ वापरात राहिल्या आणि नायलॉन आल्यावर त्या मागे पडल्या. सिअर्स यांनी कोणत्याही पिशवीचे एकस्व घेतले नाही किंवा कारखाना काढला नाही. त्यांनी पिशवीत काय घालावे यापेक्षा काय घालू नये, हे शिकवले. आज एका दिवसाच्या भटकंतीला निघणारा माणूस सामान बांधताना एखादी वस्तू हातात घेऊन क्षणभर थांबतो आणि ती बाजूला ठेवतो, तेव्हा तो नकळत सिअर्स यांचाच हिशोब करत असतो.